नफा कागदावर, पगार दहा तारखेला

तारापूर एमआयडीसीत आमचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. केमिकल कारखान्यांच्या पाइपलाइन, टाक्या, शटडाऊनची कामं. बजेट रोखीवर बांधायचं की बिलांवर, याचं उत्तर इतक्या वर्षांत हाती लागलं ते असं.

१. बिल फाडलं म्हणजे पैसे आले नाहीत, पण कर मात्र लागू झाला. समजा, मार्चमध्ये पाच लाखांचं बिल केलं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे नव्वद हजार. इनपुट क्रेडिट वजा जाऊन जे उरेल ते २० एप्रिलपर्यंत भरायचं. पार्टीचं पेमेंट जूनमध्ये आलं तरी सरकार थांबत नाही.

२. म्हणून पगार, वीजबिल, ऑक्सिजनचे सिलिंडर, पीएफ यांचं बजेट रोखीवरच, तेही आठवड्याआठवड्याचं. ‘सोमवारी नक्की देतो’ या शब्दावर मी आकडा टाकत नाही. ती पार्टी आजवर किती दिवसांनी देत आली, ते बघून टाकतो.

३. रेट काढताना मात्र हे रोखीचं पान मिटून ठेवायचं. जानेवारीत प्लेट घेतली, मार्चमध्ये वापरली. रोखीनं बघाल तर जानेवारी बुडीत आणि मार्च मालामाल. दोन्ही खोटं. बोनस दिवाळीला द्यायचा, पण किमान ८.३३ टक्के म्हणजे पगाराचा बारावा हिस्सा, तो दर महिन्याला चढतच असतो. प्रदूषण मंडळाच्या संमतीची फी एकदाच भरतो, पण ती पुढची काही वर्षं पुरते. मशीनची झीज तर रोखीच्या पानावर कधी दिसतच नाही. हे सगळं दरमहा खर्चात धरल्याशिवाय कोटेशन देणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. काम त्यांनाच मिळतं, हेही खरं.

४. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. ते मागून गिऱ्हाईक कोण घालवणार? २०२३ च्या अर्थसंकल्पानं खरी मेख मारली: मुदत उलटली तर खरेदीदाराला तो खर्च आयकरात पैसे देईल त्याच वर्षी मिळतो. तेव्हापासून मार्च आला की त्यांच्याच अकाउंट्सचे फोन येतात. हे उत्पादक आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी. व्यापाऱ्याला लागू नाही.

५. वह्यांचं ठरवणं सोपं. प्रायव्हेट लिमिटेडला येणं-देणं धरूनच हिशेब ठेवावा लागतो. मालकी किंवा भागीदारीत आयकरापुरती निवड आहे, पण वर्षागणिक बदलता येत नाही. सीएला विचारा आणि विषय संपवा.

६. रिटेन्शन. बिलाचे पाच-दहा टक्के गॅरंटीची मुदत संपेपर्यंत अडकतात. वहीत ते उत्पन्न दिसतं, बजेटमध्ये मी शून्य धरतो. सुटले की त्यातून वेल्डिंग मशीन घ्यायचं, पगार नाही.