सक्तीची सेवा आणि नवजात अर्भक

सन २०१२ च्या कायद्याने कर्नाटक शासनाने वैद्यकीय पदवीधरांना एक वर्षाची सरकारी सेवा सक्तीची केली. २०२३ च्या दुरुस्तीने ती रिक्त जागांपुरती सीमित झाली. या धोरणाने पद भरते, परंतु वर्ष सरताच डॉक्टर जातो. सीमाभागात ही उणीव अधिक जाणवते. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबणारी आई मराठीत बोलते. परगावच्या डॉक्टरांना तिचे बोलणे उमजू लागते, तोच त्यांची मुदत संपते.

नवजात अर्भकाचे प्राण मनुष्यबळावर अवलंबून असतात. दूध ओढणे मंदावणे, तळवे गार पडणे, श्वास मिनिटाला ६० वा अधिक होणे, ही लक्षणे प्रथम परिचारिकेच्या नजरेस पडतात. म्हणूनच विशेष नवजात कक्षात प्रत्येक पाळीत ३ ते ४ अर्भकांमागे एक परिचारिका असावी, असा केंद्राचा निकष आहे. तिच्याकडे आठ बाळे सोपविली, तर धोका उशिरा कळणारच.

निवासस्थान, विश्रांती, रात्रपाळीत सुरक्षितता आणि कायम नेमणूक यांवाचून सक्ती अपुरीच ठरते. आपल्या संघटनेने ही मागणी शासनापुढे सातत्याने मांडावी आणि तोवर सभासदांनी महिन्यातील काही तास नजीकच्या सरकारी रुग्णालयास द्यावेत, ही नम्र विनंती.