विनोद, थट्टा व उपहास



कांहीं वर्षांपूर्वीं एका गांवच्या रात्रीच्या वर्गांत एक वृद्ध बंधु अक्षरांवर बोट ठेवून शास्त्र वाचीत होते. आम्हीं म्हटलें, "बाबा, हा अध्याय संपण्यापूर्वींच प्रभूचें पुनरागमन होईल!" सर्व मंडळी हंसली, तेही हंसले. पुढल्या वर्गास मात्र ते आले नाहींत. "आम्हीं तर विनोद केला," असें आम्ही मनाशीं म्हणालों. तो विनोद होता काय? या शब्दांचा अर्थ आज नीट पाहूं.

'विनोद' हा शब्द संस्कृत 'नुद्' म्हणजे दूर सारणें या धातूपासून आला आहे. मनाचा शीण व दुःख जो दूर सारतो तो विनोद. 'कोटी' शब्दाच्या दोन अर्थांवर किंवा उच्चारांच्या साम्यावर उभी असते. मत्तय 16:18 यांत मूळ ग्रीक भाषेंत पेत्र हें नांव व खडक हा शब्द यांचें असेंच साम्य आहे. परंतु त्यायोगें प्रभूनें शिष्यास खालीं ओढलें नाहीं, वर उचललें. 'हजरजबाबीपणा' म्हणजे योग्य उत्तर तत्काळ सुचणें. मत्तय 15 मधील कनानी बाईनें कुत्र्यांच्या उपमेसच धरून नम्र उत्तर दिलें आणि तिच्या विश्वासाची वाखाणणी झाली.

'थट्टा' दोघांच्या प्रेमावर अवलंबून असते. प्रेम आटलें कीं ती बोंचते, आणि लोक म्हणतात त्याप्रमाणें मस्करीची कुस्करी होते. 'टोमणा' हंसतमुखानें मारलेला घाव होय. 'उपहास' म्हणजे दुसऱ्यास हलका ठरविणारें हंसणें. एलीयानें उपहास केला खरा (1 राजे 18:27), परंतु तो बआलाच्या खोट्या दैवताचा. दुर्बळ मनुष्याचा नव्हे.

इफिसकरांस 5:4 यांत पौल ज्या बोलण्याचा निषेध करितो, त्यासाठीं मूळ शब्द 'यूत्रापेलिया' हा आहे. त्याचा धात्वर्थ चटकन् वळणें असा आहे. ॲरिस्टॉटल या तत्त्ववेत्त्यानें हाच शब्द विदूषकी चाळे व रूक्षपणा यांमधील सद्गुणास लाविला होता. एकच शब्द एकाच्या लेखीं गुण, दुसऱ्याच्या लेखीं दोष! यावरून दिसतें कीं बुद्धि चपळ असणें हें पाप नाहीं. ती कोणीकडे वळते हा प्रश्न आहे. नीतिसूत्रें 26:18-19 यांत तर शेजाऱ्यास फसवून "मी थट्टा केली" म्हणणारास कोलित्या व तीर फेंकणाऱ्या वेड्याची उपमा दिली आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' 1934 पासून भागाभागानें प्रसिद्ध झालीं. त्यांत त्या स्वतःच्याच फजितीवर मनमोकळेपणीं हंसतात. विनोदाचा हा सर्वांत निर्भय मार्ग होय.

आम्हीं त्या वृद्ध बंधूंच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. ते शांतपणें म्हणाले, "पाळकसाहेब, चावडीपुढें आम्हांला लोक जन्मभर हंसले. मंदिरांत तसें होणार नाहीं असें वाटलें होतें." आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. पुढें ते वर्गास येऊं लागले. पण मोठ्यानें वाचण्यास त्यांस पुष्कळ महिने लागले.

उपदेशक बंधूंनो, मंडळीस अवश्य हंसवा. इसहाक या नांवाचा अर्थच हास्य आहे, आणि तें देवाच्या वचनपूर्तीचें हास्य होतें. परंतु तोंड उघडण्यापूर्वीं स्वतःस एवढेंच विचारा: ज्याच्यावरून सर्व हंसतील, तो उद्यां आपल्या पंक्तीस आनंदानें बसेल काय?