माहिती ठेवावी कोठे?

संगणकातील माहिती दूरच्या, भाड्याच्या भांडारात ठेवण्याच्या सोयीला 'क्लाउड' म्हणतात. नाव ढगाचे असले तरी भांडार असते जमिनीवरच, एखाद्या इमारतीत! काही माहिती आपल्याच संस्थेत आणि बाकीची तिकडे ठेवली, की झाली संमिश्र साठवण. मग कोणती कोठे ठेवावी?

समजा, तारेच्या वाटेने भांडार १०,००० किलोमीटर दूर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे मागणी पोहोचण्यास ०.०५ सेकंद, उत्तर येण्यास तेवढाच वेळ. एक फेरी ०.१ सेकंदाची. क्षुल्लक वाटते ना? आता १०,००० छोट्या फायली एकेक करून मागवा. १,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ १७ मिनिटे नुसत्या येरझाऱ्यांत गेली! अधिक क्षमतेची महागडी जोडणी घेतली तरी ही मिनिटे वाचत नाहीत. नळ मोठा बसवला म्हणून धरण जवळ येत नाही. (शाळेच्या संगणकावर 'पिंग' ही आज्ञा देऊन फेरीचा वेळ मोजून पाहा. वाटेतील यंत्रांमुळे तो आपल्या गणितापेक्षा जास्तच भरतो.)

म्हणून छोट्या फायलींचे एक गाठोडे बांधून ते एकदमच आणावे, किंवा पहिले उत्तर येण्याची वाट न पाहता पुढच्या मागण्या सोडाव्यात. आणि रोज लागणारी माहिती मुळात दूर ठेवूच नये. वाणी रोजची साखर हाताशी ठेवतो, पोती गोदामात.

प्रचंड राशींचे गणित मात्र उलटे. तेथे फेरीचा वेळ नगण्य, नळाची रुंदीच महत्त्वाची. एप्रिल २०१७ मध्ये 'इव्हेंट होरायझन टेलिस्कोप' प्रकल्पातील ८ रेडिओ दुर्बिणींनी कृष्णविवरांची निरीक्षणे घेतली. २०१९ साली प्रसिद्ध झालेले कृष्णविवराचे पहिले चित्र त्यांतूनच तयार झाले. माहिती जमली सुमारे ५ पेटाबाइट, म्हणजे ५ वर १५ शून्ये इतके बाइट. एका बाइटात ८ बिट. सेकंदाला १०० कोटी बिट नेणाऱ्या जोडणीला यासाठी ४ कोटी सेकंद लागतील; सव्वा वर्षाहूनही अधिक!

शास्त्रज्ञांनी सरळ हार्ड डिस्क विमानात घातल्या आणि अमेरिकेतील हेस्टॅक वेधशाळेत व जर्मनीत बॉन येथे नेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कना मात्र तेथील हिवाळा संपून विमाने सुरू होईपर्यंत थांबावे लागले.