काळी धूळ : अधिकार कोणाचा, अर्ज कोणाकडे

सिलतरा औद्योगिक क्षेत्रालगतच्या घरांत सकाळी अंगण झाडताना काळी धूळ निघते. मुलाचा खोकला महिनाभर हटत नाही, तेव्हा आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनीच कारखान्यावर कारवाई करावी, अशी पालकांची अपेक्षा असते. परंतु आरोग्य केंद्रास तसा अधिकार नाही. तो ज्यांना आहे, त्यांची माहिती येथे दिली आहे.

स्पंज आयर्नच्या भट्टीतील धूर ईएसपी नावाच्या यंत्रणेतून गाळून सोडावयाचा असतो. ही यंत्रणा विजेवर चालते. ती बंद ठेवल्यास वीज वाचते आणि धूळ थेट वस्तीवर येते. छपरावर दिसतात ते जाड कण. फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून अंगण स्वच्छ दिसले तरी हवा शुद्ध आहे असे समजू नये.

यासंबंधीचा मुख्य अधिकार छत्तीसगढ पर्यावरण संरक्षण मंडळाचा आहे. वायू प्रदूषणविषयक 1981 च्या अधिनियमानुसार मंडळाचे अधिकारी कारखान्यात प्रवेश करून तपासणी करू शकतात (कलम 24) आणि धुराड्यातील नमुना घेऊ शकतात (कलम 26). कलम 31-अ अन्वये मंडळ कारखाना बंद करण्याचा किंवा त्याची वीज व पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते. आपण कागदात बांधून नेलेली धूळ मात्र न्यायालयात अशा नमुन्याची जागा घेत नाही. कायद्याने ठरविलेल्या रीतीने घेतलेलाच नमुना ग्राह्य धरला जातो. म्हणून तपासणीस कारण ठरेल असा अर्ज अधिक उपयोगी. दिनांक, वेळ, कोणते धुराडे, धूर किती वेळ चालला, वारा कोणत्या दिशेचा होता, हे त्यात असावे. रात्री धूर वाढत असेल तर तसे आवर्जून लिहावे, अन्यथा तपासणी दुपारी होते.

दुसरा मार्ग दंडाधिकाऱ्यांचा. महाराष्ट्रात ज्यांना आपण प्रांत म्हणतो, त्यांना येथे एसडीएम म्हणतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 अन्वये ते सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 मध्ये होती. तिच्याच आधारे रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध दाद मागितली. नगरपालिकेने पैसा नसल्याचे कारण पुढे केले. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये ते अमान्य केले. गावातील गटार व कचरा यांसाठी प्रथम ग्रामपंचायतीकडेच जावे.

आरोग्य केंद्राचा उपयोग नोंदीपुरता आहे, परंतु ती नोंद मोलाची असते. खोकला व धाप केव्हापासून आहे, हे प्रत्येक भेटीत केसपेपरवर लिहून घ्यावे. अमुक कारखान्यामुळेच आजार झाला, असा दाखला डॉक्टरांकडे मागू नये. तपासणीच्या खोलीत ते ठरविता येत नाही. श्वास घेताना मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा ओठ निळसर पडत असतील, तर अर्जाचे नंतर पाहावे व त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

अर्ज हिंदीत द्यावा, प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि पावती घ्यावी. हा शब्द तेथेही समजतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या भोपाळ पीठाकडे जाण्याची वेळ आल्यास वादाचे कारण प्रथम घडल्यापासून साधारणतः 6 महिन्यांची मुदत असते, नुकसानभरपाईसाठी 5 वर्षांची.