सेल, प्राइज आणि ‘टिल फाइव्ह’ : हसण्यावारी न्यायच्या इंग्रजी चुका आणि पैसे खाणाऱ्या चुका



इंग्रजीच्या चुकांवर हसणं हा आपल्याकडे आवडता टाइमपास आहे. ‘चिल्ड बिअर’च्या जागी ‘चाइल्ड बिअर’ लिहिलेल्या पाटीचा फोटो तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. पण धंद्याच्या नजरेने बघा. त्या पाटीमुळे बाटली कमी खपली नसणार, कारण काय विकायला ठेवलंय ते सगळ्यांना कळतं. याउलट कोटेशनमधला एक छोटा शब्द चुकला, तर कोणी हसत नाही. सरळ वाद होतो, आणि पैसे अडकतात.

म्हणून आज आपण चुकांचे दोन ढीग करू. एक ढीग सोडून द्यायचा. दुसरा आजच दुरुस्त करायचा.

पहिला ढीग : यासाठी झोप उडवू नका

‘प्रीपोन’, ‘कझिन ब्रदर’, ‘टुडे मॉर्निंग’, ‘आउट ऑफ स्टेशन’. कोणीतरी तुम्हाला सांगेल की हे इंग्रजी चूक आहे. अहो, ‘प्रीपोन’ तर आता ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही आहे. हे भारतीय इंग्रजी आहे. तुमचं गिऱ्हाईक भारतीय असेल तर त्याला बरोबर कळतं. परदेशी खरेदीदाराला लिहिताना मात्र हे शब्द टाळा, बस्स.

माझ्या डोक्यात जाणारं वाक्य वेगळंच आहे : ‘प्लीज डू द नीडफुल.’ त्यात व्याकरणाची चूक नाही. पण ‘नीडफुल’ म्हणजे नक्की काय? पैसे पाठवायचे? सही करायची? फोन करायचा? समोरचा वाचतो आणि गप्प बसतो. त्याऐवजी काय करायचं, किती आणि कधी, हे तीन मुद्दे लिहा : ‘प्लीज पे फिफ्टी पर्सेंट ॲडव्हान्स बाय १२ जून.’ आठ शब्दांत काम झालं.

दुसरा ढीग : इथे पैसे जातात

१. कानाला एक, कागदावर वेगळे

मराठीत आपण बोलतो तसं लिहितो. त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगही आपण कानाने लिहितो, आणि तिथे फसतो. इंग्रजीत उच्चार सारखा वाटला तरी शब्द वेगळा असू शकतो. दुकानाला लागणारे हे पाच पाठच करा :

• सेल : ‘विक्री’ म्हणजे एस-ए-एल-ई. ‘विकणे’ म्हणजे एस-ई-एल-एल. घड्याळात घालतो तो सी-ई-एल-एल. ‘गाळा विक्रीसाठी’ असा बोर्ड लावताना पहिलं स्पेलिंग.

• प्राइस आणि प्राइज : किंमत म्हणजे शेवटी सी-ई. बक्षीस म्हणजे शेवटी झेड-ई. बोर्डावर ‘बेस्ट प्राइज’ लिहिलंत, तर तुम्ही गिऱ्हाइकाला बक्षीस जाहीर केलंत!

• लूज : गमावणे असेल तर एकच ओ. सैल किंवा सुटा माल असेल तर दोन ओ. ‘ही संधी गमावू नका’ या जाहिरातीत बहुतेक जण दोन ओ घालतात.

• स्टेशनरी : वह्या-पेनांची असेल तर शेवटी ई-आर-वाय. ए-आर-वाय लिहिलं की अर्थ होतो ‘जागचं न हलणारं’. लक्षात ठेवायची युक्ती : पाकिटाला ‘एन्व्हलप’ म्हणतात, तो ई ने सुरू होतो.

• प्रिन्सिपल : कर्जाचं मुद्दल म्हणजे शेवटी पी-ए-एल. पी-एल-ई म्हणजे तत्त्व. बँकेला पत्र लिहिताना तुम्हाला मुद्दल फेडायचंय, तत्त्व नाही.

२. ‘पर्यंत’चा घोळ

ही चूक खास आपली, मराठी माणसाची. मराठीत ‘पाचपर्यंत दुकान उघडं आहे’ आणि ‘पाचपर्यंत माल पोचवतो’ या दोन्ही वाक्यांत ‘पर्यंत’ आहे. इंग्रजीत इथे दोन वेगळे शब्द लागतात. काम तोवर चालू राहणार असेल तर ‘टिल’. काम त्या वेळेच्या आत एकदा होऊन जाणार असेल तर ‘बाय’.

समजा, एखाद्या ताईंनी कंपनीला ६० केकचे बॉक्स द्यायचे कबूल केलेत आणि मेसेजमध्ये लिहिलंय, ‘डिलिव्हरी टिल ५ पीएम’. कंपनीतला माणूस असं वाचू शकतो की डिलिव्हरी पाच वाजेपर्यंत चालू राहील, म्हणजे आपण ऑफिसबॉयला तोवर गेटवर उभं करायचं. ताईंना म्हणायचं होतं, ‘बाय ५ पीएम’. पाचच्या आत सगळं पोचलेलं असेल.

तसंच ‘तीन दिवसांत’चं. ‘इन थ्री डेज’ लिहिलं तर ‘तीन दिवसांनी’ असाही अर्थ निघतो. ‘विदिन थ्री डेज’ लिहा. त्याहून बरं म्हणजे सरळ तारीख आणि वेळ टाका. तारखेला व्याकरण लागत नाही.

३. ‘फ्लॅट’ आणि ‘अप टू’

‘फ्लॅट ५० टक्के’ म्हणजे सांगितलेल्या सगळ्या मालावर सरसकट निम्मी किंमत. ‘अप टू ५० टक्के’ म्हणजे जास्तीत जास्त ५०. काही वस्तूंवर १० टक्केही असेल. फ्लेक्सवर ५० चा आकडा हत्तीएवढा आणि ‘अप टू’ मुंगीएवढं, ही तर शुद्ध चलाखी झाली. गिऱ्हाईक काउंटरवर येऊन भांडतं आणि परत येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात हा तक्रारीचा विषय आहे, हेही विसरू नका.

४. कागदाचं नाव चुकलं की कागदाचा अर्थ चुकला

एस्टिमेट म्हणजे अंदाज. कोटेशन म्हणजे दिलेला भाव. गिऱ्हाइकाने ‘ओके’ म्हटलं की त्याने तुम्हाला बांधलं. म्हणून कोटेशनवर ‘हा भाव अमुक तारखेपर्यंतच’ ही ओळ हवीच. प्रोफॉर्मा इनव्हॉइस विक्रीच्या आधी देतात. त्याला पक्कं बिल समजू नका.

आता महत्त्वाचं. जीएसटीच्या कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर तुम्ही ‘टॅक्स इनव्हॉइस’ देऊ शकत नाही. तुमच्या कागदाचं नाव ‘बिल ऑफ सप्लाय’. त्यावर वरच्या बाजूला ‘कंपोझिशन टॅक्सेबल पर्सन, नॉट एलिजिबल टू कलेक्ट टॅक्स ऑन सप्लाइज’ ही ओळ छापावी लागते. दुसऱ्याचं बिलबुक बघून तसंच छापून घेतलं की नेमकी हीच चूक होते. छापायच्या आधी तुमच्या सीएला नमुना दाखवा.

५. ‘बेस्ट बिफोर’ आणि ‘एक्सपायरी’

घरून लोणचं, चटणी, लाडू विकणाऱ्या ताई, हे तुमच्यासाठी. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम. ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ म्हणजे त्यानंतर खाऊ नका. एक शब्द दर्जाचा, दुसरा सुरक्षिततेचा. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पाकिटावर एक्सपायरी किंवा यूज बाय तारीख लागते. ‘बेस्ट बिफोर’ जास्तीची माहिती म्हणून चालतं, त्याच्या बदल्यात नाही.

६. सिक्स्टी की सिक्स्टीन?

फोनवर ‘सिक्स्टी’ आणि ‘सिक्स्टीन’ सारखेच ऐकू येतात. भाव ६० चा आणि समोरच्याने लिहिला १६, की संपलं. फोनवर आकडा सुटा सांगा : ‘सिक्स-झिरो’. नाहीतर मराठीत साठ म्हणा की! आणि नंतर मेसेज करा.

चेकवर तर अक्षरांना जास्त वजन आहे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १८ सांगतं की अंकातली आणि अक्षरातली रक्कम वेगळी असेल, तर अक्षरातली धरायची. व्यवहारात बँक असा चेक परतच पाठवते. जाता जाता : ‘फोर’मध्ये यू आहे, ‘फोर्टी’मध्ये नाही. ‘नाइन्टी’मधला नाइनचा ई मात्र टिकतो.

७. ‘चीप’

आपल्या मनात ‘स्वस्त आणि मस्त’ असतं, म्हणून आपण ‘चीप अँड बेस्ट’ लिहितो. पण ‘चीप’ला हलक्या मालाचा वास आहे. तुमचा माल चांगला असेल तर ‘अफोर्डेबल’ किंवा ‘रीझनेबल’ लिहा.

मग करायचं काय?

इंग्रजीचा क्लास लावायची गरज नाही. तीन सवयी लावा.

एक, आधी मराठीत लिहा. काय, किती, कधी, कितीला. मराठीत वाक्य गोल-गोल असेल तर इंग्रजीतही तसंच होणार.

दोन, फ्लेक्सवाल्याला किंवा प्रेसवाल्याला कधीही फोनवर किंवा हाताने लिहून मजकूर देऊ नका. टाइप करून पाठवा, प्रूफ मागवा आणि शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे वाचा. उलटं वाचलं की डोळा शब्दावर थांबतो.

तीन, जिथे इंग्रजी लागत नाही तिथे लिहू नका. महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरी नाव कायद्याने हवंच, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाही. मग ठसठशीत मराठी पाटी लावा. मराठी गिऱ्हाइकाला मराठीत कोटेशन दिलंत तर ऑर्डर छोटी होत नाही. इंग्रजी येत नाही म्हणून चौकशीला उत्तरच न देणं, ही वरच्या सगळ्या चुकांपेक्षा महाग चूक आहे.

आजचा गृहपाठ

तुमचं बिलबुक, शेवटची तीन कोटेशन्स, पाटी किंवा लेबल आणि व्हॉट्सॲप बिझनेसचा ऑटो-रिप्लाय समोर घ्या. प्रत्येकात दोनच गोष्टी तपासा : पैसे किती आणि तारीख कोणती, हे अनोळखी माणसाला एका वाचनात कळतं का? कळत नसेल तिथे लाल पेनने गोल करा. बाकीच्या स्पेलिंगचं नंतर बघू.

गोल किती निघाले ते व्हिडिओखाली नक्की लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालेल.