टर्बोच्या गाडीसाठी रोलिंग रोडची निवड

गाडीची चाके रोलरवर फिरवून तिची ताकद मोजणाऱ्या यंत्राला ब्रिटनमध्ये रोलिंग रोड म्हणतात. ट्यूनिंग करून टर्बोच्या गाड्यांची ताकद वाढवून घेणाऱ्यांच्या अनुभवाचे सार असे, की केवळ मोठा हॉर्सपॉवर दाखवणारे यंत्र निवडले, तर पुढे इंजिन खोलण्याची पाळी येऊ शकते.

पहिला निकष यंत्राच्या प्रकाराचा; या यंत्रांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात ठरावीक वजनाचा जड ड्रम असतो आणि गाडी त्याचा वेग किती लवकर वाढवते यावरून शक्तीचे गणित मांडले जाते. दुसऱ्यात रोलरला बहुधा विद्युतचुंबकीय ब्रेक जोडलेला असल्याने इंजिन, समजा, 4000 आरपीएमवर काही सेकंद भाराखाली रोखून धरता येते. एक्झॉस्टच्या वायूंवर फिरणारा टर्बो इंजिनात जादा हवा दाबतो, परंतु हा जादा दाब, म्हणजे बूस्ट, पुरेसा भार आणि थोडा अवधी मिळाल्याशिवाय पुरता चढत नाही. गाडीच्या मानाने ड्रम हलका असेल तर आरपीएम झरझर वाढतात आणि बूस्ट मागे राहतो. तेवढ्यावर पेट्रोलचे प्रमाण व ठिणगीची वेळ पक्की केली, तर तीच गाडी वरच्या गिअरमध्ये लांबचा चढ चढताना चाचणीत कधीच न आलेल्या बूस्टला पोहोचते, नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रणाचा आपोआप होणारा स्फोट, सुरू होते आणि पिस्टन निकामी होतो.

दुसरा निकष थंडाव्याचा आहे. टर्बोने दाबलेली तप्त हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला रस्त्यावर समोरून वारा मिळतो, रोलरवर मात्र तो पंख्यानेच द्यावा लागतो. पंखा अपुरा असल्यास आत जाणारी हवा चाचणीच्या प्रत्येक फेरीत अधिक तापते, इंजिनाचा संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो आणि शक्तीचा आलेख खाली सरकत जातो.

तिसरा निकष पकडीचा. ताकदवान गाडीचे टायर रोलरवर घसरले की आलेखात खोटे उंचवटे दिसतात. निस्सान स्कायलाइन जीटी-आर किंवा मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनसारख्या चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांना तर पुढचे-मागचे रोलर एकाच वेगाने फिरवणारे यंत्रच हवे. चाके काढून थेट हबला जोडले जाणारे यंत्र टायर घसरण्याचा प्रश्नच मिटवते.

आकड्याबाबतही सावध राहावे लागते, कारण यंत्र चाकांवरची शक्ती मोजते आणि इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधील घट मिळवून अंदाजली जाते. शिवाय हवेचा दाब व तापमान यांसाठी दुरुस्ती-गुणक लावतात. सुमारे 560 मीटर उंचीवरच्या पुण्यात हा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे 6 टक्के कमी असतो. पण बूस्टचे नियंत्रण ही तूट आपणच भरून काढत असेल, तर पूर्ण गुणक लावल्याने शक्ती फुगवून दाखवली जाते.

म्हणून मालकाने आलेखावर शक्तीसोबत बूस्ट, हवा-इंधनाचे गुणोत्तर आणि आत जाणाऱ्या हवेचे तापमान यांच्या रेषा मागाव्यात, लागलेला गुणक विचारून घ्यावा आणि ट्यूनिंगपूर्वीची व नंतरची चाचणी एकाच यंत्रावर करावी. या रेषा दाखवण्यास जिथे टाळाटाळ होते, तिथे गाडी रोलरवर चढवू नये.