सनदेच्या पुढची वाट



दिव्य कुरआनच्या सूरह तौबाच्या 122 व्या आयतीचा आशय असा की, प्रत्येक समूहातील काही जणांनी दीनची सखोल समज मिळवावी आणि आपल्या लोकांना सावध करावे. ही समज मिळवण्याचे काम सनद हाती पडताच संपते काय?

आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या घरांत मूल हाफिज किंवा आलिम झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: इमामत की दुकान? दोन्ही हलाल आणि सन्माननीय आहेत. परंतु तिसरी वाटही खुली आहे, ती म्हणजे धर्माचा विद्यापीठीय अभ्यास.

अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया इस्लामिया येथे इस्लामी अध्ययनाचे स्वतंत्र विभाग आहेत. काही ठरावीक मदरशांच्या सनदा तेथे प्रवेशासाठी ग्राह्य धरल्या जातात. म्हणून मदरसा निवडतानाच ती यादी पाहावी. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, म्हणजे ‘नेट’मध्ये, ‘अरब संस्कृती व इस्लामी अध्ययन’ आणि ‘धर्मांचा तौलनिक अभ्यास’ असे दोन विषय आहेत. ‘नेट’मधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास 2023 पासूनच्या दराने दरमहा 37,000 रुपये मिळतात. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती 2022 मध्ये बंद झाली, याचे दुःख आहेच. पण ‘नेट’ कोणाचाही धर्म विचारत नाही. ती एम.ए.चे 55 टक्के गुण विचारते. इतर मागासवर्गीय उमेदवारांना 50 टक्के पुरतात.

‘इतर धर्मांचा अभ्यास आपण का करावा?’ असे काही वडीलधारे विचारतात. अल-बिरूनी संस्कृत शिकले आणि सुमारे 1030 मध्ये त्यांनी ‘किताबुल हिंद’ लिहिला. हिंदूंचे म्हणणे हिंदूंच्याच ग्रंथांतून मांडावे, हा त्यांचा दंडक होता. त्यानंतर तीसेक वर्षांनी, शके 982 मध्ये, अंबरनाथच्या शिवमंदिराचा शिलालेख कोरला गेला. त्या मंदिराजवळून आपण नेहमी जातो; तो लेख काय सांगतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? फाळणीनंतर उल्हासनगरात आलेल्या सिंधी कुटुंबांतील जुनी पिढी अरबी वळणाच्या लिपीत सिंधी वाचत आली. ती अक्षरे आपल्या मुलाला बरीचशी ओळखीची आहेत. सूरह माइदाची आठवी आयत वैरभावातही न्याय सोडू नये असे बजावते. शेजाऱ्याविषयी न्यायाने बोलायचे, तर आधी त्याला जाणून घेतले पाहिजे.

माझा एक विद्यार्थी उत्तम सनद घेऊन प्रवेशासाठी गेला. ती सनद तेथे ग्राह्य नव्हती आणि दहावीची गुणपत्रिका त्याच्याकडे नव्हती. तो रिकाम्या हाती परतला. अरबी व्याकरणात त्याच्या तोडीचे विद्यार्थी मी थोडेच पाहिले आहेत. उणीव बुद्धीची नव्हती. आम्हा वडीलधाऱ्यांच्या दूरदृष्टीची होती, आणि त्या दोषात मीही सामील आहे.

म्हणून पालकांनो, हिफ्ज चालू असतानाच दहावीचा विचार करा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून वयाच्या चौदाव्या वर्षापासून दहावीसाठी नाव नोंदवता येते; पुढे बारावी, बी.ए., एम.ए. असा जिना आहे. मुलींनाही या जिन्यावर चढू द्या. अधिछात्रवृत्तीसाठी वयाची अट 30 वर्षांची आहे आणि स्त्रियांना त्यात पाच वर्षांची सवलत आहे. मराठीही पक्की करून घ्या. ज्यांच्यात राहायचे, त्यांच्या भाषेत दीन समजावता आला पाहिजे.

आज रात्री घरातील मुलांची कागदपत्रे एकदा काढून पाहा. सनदेशेजारी गुणपत्रिका आहे काय?

अल्लाह आपल्या ज्ञानात वाढ करो आणि ते ज्ञान लाभदायक ठरवो. आमीन.